म्हाताऱ्या गाडीला घट्ट तेल

नांदेड-लातूर रस्त्यावर लोहा, अहमदपूर, शिरूर ताजबंद, चाकूर अशी गावे लागतात. या रस्त्याच्या कडेच्या कोणत्याही गॅरेजात जुन्या जीपचा किंवा ट्रॅक्टरचा विषय काढा. एक वाक्य हमखास ऐकायला मिळते : "गाडी म्हातारी झाली, आता तिला घट्ट तेल लागतं." म्हणजे गिअरबॉक्समध्ये किंवा मागच्या आखाच्या हौसिंगमध्ये 'नव्वद नंबर'चे तेल असेल, तर ते काढून 'एकशेचाळीस नंबर'चे टाकायचे. आवाज कमी होतो, गळती कमी होते, मालक खूश होतो.

१९९० च्या दशकाच्या अखेरीस, संशोधक विद्यार्थी असताना, नांदेडच्या एका गॅरेजात हे वाक्य आम्ही ऐकले आणि त्याला मान डोलावली. नुसती मान डोलावली नाही, तर ते बरोबर कसे हे सूत्र मांडून दाखवले. जीप एका मित्राच्या वडिलांची होती. अहमदपूर-चाकूर भागात प्रवासी वाहून त्यावर ते घर चालवीत. मागच्या आखातून घूं घूं असा आवाज येऊ लागला होता. उस्ताद म्हणाले, "तेल घट्ट टाकून देतो, पण एकदा हौसिंग खोलून बघा, काका. आवाज तेलाचा नाही, दाताचा हाय." खोलायचे तर दोन दिवस गाडी उभी, म्हणजे दोन दिवसांची कमाई बुडणार. काकांनी आमच्याकडे पाहिले. आम्ही एका बिलाच्या पाठीवर गणित केले आणि म्हणालो, "काका, घट्ट तेल पुरेल. शास्त्र तेच सांगतं."

शास्त्र खरोखर काय सांगते, आणि ते कोणत्या वाटेने आपल्यापर्यंत आले, हे समजून घ्यायला आम्हाला पुढे बराच काळ लागला. ती वाट बैलगाडीपासून सुरू होते.

एरंडेल आणि काजळी

मोटारी येण्यापूर्वी मराठवाड्यात वंगण म्हणजे बैलगाडीच्या आखाचे वंगण. गाडीखाली एक नळकांडे टांगलेले असे. त्यात एरंडेल आणि जाळलेल्या चिंध्यांची काजळी कालवून केलेला काळा लगदा भरलेला असे. चाक कुरकुरू लागले की ते काढायचे, आखाला लगदा फासायचा आणि चाक पुन्हा चढवायचे.

एरंडेलच का? आपल्या भागात तेलबियांची कमतरता कधीच नव्हती. करडई आणि जवस ही तर मराठवाड्याची ओळखीची पिके. पण या दोन्ही तेलांना एक खोड आहे. पातळ थरात, हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन ती हळूहळू चिकट होतात आणि सुकतात. जवसाचे तेल रंगात वापरतात ते याच गुणामुळे. रंगात जो गुण, तो आखावर दोष ठरतो. एरंडेल असे सुकत नाही, शिवाय ते इतर खाद्यतेलांपेक्षा कितीतरी दाट असते. म्हणून गाडीवानाने निवडलेले तेल योग्यच होते. पहिल्या महायुद्धातल्या अनेक विमानांच्या इंजिनांतही एरंडेलच वापरीत असत.

काजळीचे कामही महत्त्वाचे. तेल एकटे असते तर ते आखावरून ओघळून गेले असते. काजळीचे बारीक कण तेलाला धरून ठेवतात. आजचे ग्रीसही याच तत्त्वावर तयार होते. त्यात काजळीऐवजी साबण असतो, एवढाच फरक.

एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने आम्हाला सांगितले होते की, तुंब्यातले भोक झिजून सैल झाले की वंगणात काजळी जरा जास्त घालायची. 'जुन्याला घट्ट' या नियमाचे मूळ आम्हाला इथे दिसते. बैलगाडीसाठी तो नियम बरोबर होता. का, ते आता पाहू.

रेल्वेचा आख आणि उडणारे बूच

विसाव्या शतकाच्या आरंभी मराठवाड्यात दोन रेल्वेमार्ग पोचले. हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वेचा मीटर गेज मार्ग मनमाडहून नांदेडमार्गे सिकंदराबादकडे गेला. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याने उभारलेली अडीच फूट रुंदीची बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये बार्शीला पोचली होती, ती १९११ मध्ये लातूरपर्यंत आली. लातूरच्या बाजारपेठेच्या वाढीत या छोट्या गाडीचा मोठा वाटा आहे.

त्या काळी रेल्वेच्या डब्याच्या आखावर सामान्यतः पितळेसारख्या मिश्रधातूचे अर्धगोल बेअरिंग टेकलेले असे. खाली पेटीत तेल, आणि तेलात भिजलेला सुताचा बोळा आखाला लागून. हे बेअरिंग कोरडे पडले की तापे आणि डबा मध्येच काढावा लागे. बैलगाडीचे कुरकुरणे सोसता येते. आगगाडीचा आख तापला तर अपघात होतो. म्हणून घर्षणाचा शास्त्रशुद्ध अभ्यास रेल्वेच्या काळात सुरू झाला, यात नवल नाही.

लंडनच्या इन्स्टिट्यूशन ऑफ मेकॅनिकल इंजिनिअर्स या संस्थेसाठी बोशँप टॉवर या अभियंत्याने १८८३ मध्ये केलेले प्रयोग वर्गात सांगण्यासारखे आहेत. त्याने चार इंच व्यासाचा आख फिरता ठेवला, त्यावर अर्धगोल बेअरिंग ठेवून भार दिला. आखाचा खालचा भाग तेलात बुडालेला होता. वरून तेल सोडून पाहावे म्हणून त्याने बेअरिंगला माथ्यावर एक भोक पाडले. आख फिरू लागताच त्या भोकातून तेल आत जायच्या ऐवजी उसळून बाहेर येऊ लागले! त्याने बूच मारले. ते बाहेर ढकलले गेले. लाकडी खुंटी ठोकली. तीही बाहेर आली. शेवटी दाबमापक जोडला. बेअरिंगवरचा सरासरी भार दर चौरस इंचाला १०० पौंड होता, आणि मापकाचा काटा २०० च्याही पुढे गेला.

याचा अर्थ असा की, आख आणि बेअरिंग एकमेकांना टेकलेलेच नव्हते. फिरणारा आख स्वतःच तेल ओढून अरुंद होत जाणाऱ्या फटीत ढकलत होता. तिथे निर्माण झालेल्या दाबावर सारा भार तरंगत होता. ऑस्बोर्न रेनॉल्ड्स याने १८८६ मध्ये याचे गणित मांडले. वंगणशास्त्राचा पाया तोच आहे.

त्याच १८८३ साली रशियात निकोलाय पेत्रोव्ह हा अभियंता वेगळ्या कारणाने याच प्रश्नाशी झुंजत होता. कॉकेशसमधल्या विहिरींतून खनिज तेल मुबलक निघू लागले होते. महागड्या वनस्पतिज आणि प्राणिज तेलांऐवजी ते रेल्वेला चालेल का, हा प्रश्न होता. पेत्रोव्हने दाखवून दिले की, थर पुरता असेल तेव्हा घर्षण ठरते ते तेलाच्या 'श्यानते'वर. श्यानता म्हणजे वाहण्याला तेल करीत असलेला विरोध, आपल्या भाषेत तेलाचा घट्टपणा. तेल बीचे की जमिनीतले, हा प्रश्न तिथे दुय्यम ठरतो.

नियम कुठे खरा ठरतो

आता गाडीवानाच्या नियमाकडे वळू. रेनॉल्ड्सच्या गणिताप्रमाणे गोल आख आणि गोल बेअरिंग यांच्यामधला थर किती भार पेलेल, हे तीन गोष्टींवर अवलंबून असते : तेलाची श्यानता, फिरण्याचा वेग आणि मधली फट. श्यानता किंवा वेग दुप्पट केला तर पेलण्याची शक्ती दुप्पट होते. फट दुप्पट झाली तर मात्र ती चौपटीने घटते. म्हणजे झिजून फट दुप्पट झालेल्या बेअरिंगला पूर्वीइतकाच भार पेलायचा असेल, तर तेल चौपट घट्ट हवे. बिलाच्या पाठीवर आम्ही मांडले होते ते हेच गणित, आणि ते चूक नव्हते.

बैलगाडीचा वेग तर माणसाच्या चालीइतका. एवढ्या कमी वेगात तरंगता थर जवळजवळ तयारच होत नाही. तिथे दाट, चिकटून राहणारे वंगणच लागते. जर्मनीत रिखार्ड श्ट्रीबेक याने १९०२ मध्ये हा संबंध मोजून दाखवला. भार जास्त आणि वेग कमी असेल तर घट्ट तेल. वेग जास्त असेल तर पातळ तेल पुरते, आणि घट्ट तेल वापरले तर ते नुसतीच ऊर्जा खाते. गाडीवानाला श्ट्रीबेक माहीत असण्याचे कारण नव्हते, पण त्याचा अनुभव या आलेखाच्या डाव्या टोकावर अगदी अचूक बसतो.

मोटारी आल्या

नांदेड आणि लातूर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होते. त्या राज्यात जून १९३२ मध्ये निजामाच्या रेल्वेने स्वतःचा रस्ता वाहतूक विभाग सुरू केला, तो २७ बस आणि १६६ कर्मचाऱ्यांसह. राज्यपुनर्रचनेनंतर मराठवाड्याची सरकारी बससेवा १९६१ मध्ये महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळात, म्हणजे आपल्या एस.टी.त आली. १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत महिंद्र कंपनी विलिज जीप जोडू लागली होती. पुढे त्या जीप खेडोपाडी पोचल्या. मग ट्रॅक्टर आले.

बैलगाडीचे वंगण पाहिलेल्या पिढीनेच मोटारीचे नटबोल्ट हाती घेतले. आमचा तर्क असा की, 'झिजलेल्याला घट्ट' हा नियम बैलगाडीच्या आखावरून मोटारीच्या गिअरमध्ये असाच चालत आला. अर्थात ही समजूत एकट्या मराठवाड्याची नाही. मोटारी जुन्या होईपर्यंत चालवल्या जातात अशा प्रत्येक देशात ती भेटते. पण गिअर म्हणजे आख नव्हे. घोटाळा होतो तो इथेच.

दाताला दात

गोल आख गोल बेअरिंगमध्ये बसतो तेव्हा भार मोठ्या पृष्ठभागावर पसरतो. गिअरचे दोन दात मात्र एका बारीक रेषेवर भेटतात. सारा भार त्या रेषेवर. तिथे दाब इतका प्रचंड असतो की पोलादही किंचित दबते आणि तेल क्षणभर जवळपास घनासारखे घट्ट होते. हे गणित रशियन संशोधकांनी १९४० च्या दशकात आणि इंग्लंडमधल्या डाउसन व हिगिन्सन यांनी १९५९ मध्ये सोडवले. त्यातून दिसले की दातांमधला थर एक मायक्रॉनच्या आसपास, पुष्कळदा त्याहूनही पातळ असतो. वहीच्या कागदाची जाडी सुमारे शंभर मायक्रॉन असते, हे लक्षात घेतले म्हणजे अंदाज येईल.

या गणितात 'फट' नावाची राशीच नाही! दात झिजले की गिअरमध्ये 'खेळ' वाढतो हे खरे. पण त्या खेळाचा थराच्या जाडीशी संबंध नाही. ज्या रेषेवर दात टेकतात तिथे तो नसतोच. श्यानता दुप्पट केली तर थर सुमारे १.६ पट होतो. हा फायदा खोटा नाही. पण झिजून दाताचा आकारच बिघडला असेल, तर दात एकमेकांवर सरळ लोळत न जाता आपटतात. घट्ट तेल त्या आपटण्याचा आवाज गिळते. दाताचा आकार ते परत आणू शकत नाही.

जीपच्या मागच्या आखात आणखी एक भानगड आहे. १९२० च्या दशकात अमेरिकेत 'हायपॉइड' गिअर आले. त्यात पिनियन क्राऊनच्या मध्यरेषेच्या खाली बसवतात. त्यामुळे गाडीची बैठक खाली आणता येते, पण दात एकमेकांवर जास्त घासतात. साधे खनिज तेल, कितीही घट्ट असले तरी, इथे टिकेना. म्हणून गंधक आणि फॉस्फरस असलेली रसायने तेलात मिसळू लागले. दाब आणि उष्णता वाढली की ती पोलादाशी संयोग पावून दातावर एक पातळ रासायनिक कवच तयार करतात. हायपॉइडचे संरक्षण नंबरावर जितके अवलंबून असते, त्याहून जास्त या रसायनांवर असते. डब्यावर जी.एल.-४, जी.एल.-५ अशी अक्षरे असतात ती याचसाठी. आणि उलट बाजूही आहे. जी.एल.-५ च्या काही तेलांतली ही रसायने तांब्याच्या मिश्रधातूंना त्रास देतात. जुन्या गिअरबॉक्समध्ये गिअर जुळवणाऱ्या पितळी कड्या असतात. तिथे पुस्तिका न पाहता 'जास्त चांगले' तेल टाकणे महागात पडू शकते.

नंबराचा अर्थ

९० आणि १४० हे आकडे अमेरिकेतल्या 'सोसायटी ऑफ ऑटोमोटिव्ह इंजिनिअर्स'च्या वर्गवारीतले आहेत. ते श्यानतेचे माप नव्हेत, नुसती वर्गाची नावे आहेत. आजच्या वर्गवारीनुसार १०० अंश सेल्सिअसला ९० नंबरच्या तेलाची श्यानता १३.५ ते १८.५ सेंटिस्टोक्स आणि १४० नंबरची २४ ते ३२.५ सेंटिस्टोक्स असते. गिअर तेलाचे आणि इंजिन तेलाचे आकडेही वेगळ्या मोजणीतले. ५० नंबरचे इंजिन तेल साधारण ९० नंबरच्या गिअर तेलाइतकेच घट्ट असते.

तापमानाचा खेळ तर याहून मोठा. नेहमीचे ९० नंबरचे साधे खनिज तेल ४० अंशांना २०० सेंटिस्टोक्सच्या आसपास असते, १०० अंशांना सुमारे १७. आमच्या हिशेबाने, ७० अंशांवरच्या ९० नंबरच्या तेलाइतके पातळ व्हायला १४० नंबरच्या तेलाला फक्त १४-१५ अंश जास्त तापावे लागते. घट्ट तेल घुसळताना उष्णताही जास्त निर्माण होते. म्हणजे मिळवलेल्या घट्टपणाचा काही भाग ते तेल स्वतःच गमावते. उलट, डिसेंबरच्या पहाटे मराठवाड्यात पारा दहा अंशांजवळ उतरतो, तेव्हा तेच १४० नंबर ९० च्या अडीचपट घट्ट असते. गिअर पडत नाही, आणि गिअर जुळवणाऱ्या कड्यांना आपल्यावरचे तेल पुसून पकड घेता येत नाही.

काही जुन्या गाड्यांच्या पुस्तिकेतच १४० नंबर सांगितलेला असतो. तिथे अर्थातच तेच वापरावे. कडक उन्हाळ्यात जड भार ओढणाऱ्या गाडीसाठी काही उत्पादक एक पायरी घट्ट तेलाची मुभा देतात, आणि सील बदलेपर्यंत गळती रोखायलाही ते उपयोगी पडते. प्रश्न येतो तो दुरुस्तीऐवजी तेल वापरले तर. जुनी गाडी विकताना आवाज दाबण्यासाठी गिअरमध्ये लाकडाचा भुसा भरण्याची लबाडी जगभर प्रसिद्ध आहे. घट्ट तेल म्हणजे लबाडी नव्हे, पण आवाज ऐकून कारण न शोधणाऱ्याच्या हातून परिणाम तोच होतो.

काकांची जीप

तेल बदलल्यावर जीपचा आवाज जवळजवळ थांबला. काका आनंदले, आम्हीही. तिसऱ्या आठवड्यात, रात्रीच्या वेळी, शिरूर ताजबंदच्या अलीकडे पिनियनचा दात तुटला आणि क्राऊनमध्ये अडकला. मागची चाके जागीच आवळली गेली आणि जीप रस्त्याकडेच्या चारीत उतरली. आत नऊ माणसे होती. खरचटण्यापलीकडे कोणाला काही झाले नाही, हे नशीब.

क्राऊन, पिनियन, बेअरिंगे, सगळे बदलावे लागले. मित्राच्या बहिणीच्या डी.एड.च्या प्रवेशासाठी ठेवलेले पैसे त्यात गेले. तिचे एक वर्ष वाया गेले. काका आम्हाला एक शब्दही बोलले नाहीत. उस्तादांनी हौसिंगमधून काढलेले तेल परातीत ओतले आणि त्यातून चुंबक फिरवला. चुंबकावर लोखंडाच्या चुऱ्याची दाढी उगवली. "हे तवाच दिसलं असतं," एवढेच ते म्हणाले.

उस्तादांना रेनॉल्ड्स माहीत नव्हता, पण आवाज कुठला आहे हे त्यांना कळत होते. आम्हाला रेनॉल्ड्स माहीत होता. त्याचे सूत्र आखासाठी आहे, दातासाठी नाही, एवढे मात्र आम्ही पाहिले नाही. सूत्र खरे असूनही उत्तर चुकू शकते, कारण सूत्र ज्या परिस्थितीत खरे असते ती परिस्थिती समोर आहे की नाही, हे सूत्र स्वतः सांगत नाही. विज्ञान शिकवताना आपण मुलांकडून सूत्रे पाठ करून घेतो. त्यांच्या अटी किती वेळा विचारतो?

वर्गात करून पाहा

एक उंच मोजपात्र, एरंडेल, सायकलच्या बेअरिंगमधल्या लहान पोलादी गोळ्या आणि सेकंदकाटा असलेले घड्याळ घ्या. मोजपात्रावर दोन खुणा करा. गोळी वरून सोडा आणि एका खुणेपासून दुसरीपर्यंत जायला लागणारा वेळ मोजा. मग पात्र बर्फाच्या पाण्यात, नंतर कोमट पाण्यात ठेवून, तेलाचे तापमान पाहून पुन्हा मोजा. एरंडेलाची श्यानता १० अंशांना सुमारे २.४ पास्कल-सेकंद असते, ४० अंशांना ती ०.२३ होते, म्हणजे दहावा हिस्सा. मुलांना हा फरक घड्याळात दिसेल. मग त्यांना विचारा : बैलगाडीचे एकच वंगण माघात आणि वैशाखात सारखे काम देत असेल का?

दुसरा प्रयोग जवळच्या गॅरेजात होईल. गिअरचे जुने तेल काढताना तिथल्या उस्तादांची परवानगी घेऊन त्यातून चुंबक फिरवून पाहा. चुंबकाला काय आणि किती लागले, गाडी किती वर्षांची, तेल केव्हा बदलले होते, याची नोंद मुलांना करू द्या. आणि उस्तादांना काही सांगण्याआधी त्यांना काय ऐकू येते ते विचारा.

मित्राच्या बहिणीने पुढच्या वर्षी डी.एड.ला प्रवेश घेतला. आज ती लातूर जिल्ह्यात शिक्षिका आहे. चुंबकाचा हा प्रयोग ती दरवर्षी मुलांकडून करून घेते.